स्कोअरची वही

२०२४ च्या मे महिन्यात माझे वडील, अप्पा, सांगलीहून काही महिन्यांच्या मुक्कामासाठी माझ्याकडे शिकागोला आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि औषधांचे डबे यांच्या खाली, कपड्यांत गुंडाळलेली एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची कोरी वही निघाली. अप्पा हायस्कुलात गणित शिकवत असत आणि रविवारी क्लबच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरर म्हणून बसत असत. निवृत्तीनंतरही पुष्कळ वर्षे त्यांनी ते काम सोडले नाही. वही कशासाठी आणली, असे मी विचारले तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, “असू दे. तिकडं काही लिहायला लागलं तर.”

ते आले त्याच आठवड्यात माझ्या संघाची सलग १४ पराभवांची मालिका सुरू झाली.

माझा संघ म्हणजे शिकागो व्हाइट सॉक्स, इथला बेसबॉलचा संघ. हा संघ मी निवडला असे म्हणता येणार नाही. तो मला ऐकू आला. २००५ च्या ऑगस्टमध्ये मी इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एमएस करायला आलो. आमच्या वसतिगृहाच्या पश्चिमेला डॅन रायन एक्स्प्रेसवे आणि त्याच्या पलीकडे, ३५ व्या रस्त्यावर, सॉक्सचे मैदान होते. घरच्या खेळाडूने होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला की तिथल्या स्कोअरबोर्डावरून आतषबाजी होते. ही पद्धत १९६० पासूनची आहे. मला त्या खेळातले काहीही कळत नव्हते, पण रात्री अभ्यासाला बसलो असताना खिडकीच्या काचा हलक्याशा थरथरल्या की आपल्या बाजूने काहीतरी चांगले घडले आहे, एवढे समजू लागले. घरापासून इतक्या लांब आलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला “आपली बाजू” अशी काही असणे फार मोलाचे होते. त्याच ऑक्टोबरमध्ये सॉक्सने ह्यूस्टनला सलग चार सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचे अजिंक्यपद, जिंकली, आणि तीही १९१७ नंतर प्रथमच, म्हणजे ८८ वर्षांनी. शेवटचा सामना अवघ्या १-० ने सुटला. हुआन उरिबेने पहिल्या बेसकडे चेंडू फेकला, पॉल कोनेर्कोने तो पकडला, आणि वसतिगृहाच्या हॉलमध्ये तोवर माझ्याशी कधी न बोललेल्या मुलांनी मला उचलून घेतले. त्या रात्रीपासून मी या संघाचा आहे.

संघाची घडी त्यानंतर बसली आणि पुन्हा विस्कटली. २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून गटात पहिला आलेला हा संघ २०२२ मध्ये ८१ विजय आणि ८१ पराभवांवर आला आणि २०२३ मध्ये १०१ सामने हरला. ज्या तरुण खेळाडूंवर सगळी भिस्त होती ते एकेक करून दुखापतींनी बसले किंवा दुसऱ्या संघांना दिले गेले. २०२४ ची सुरुवातच पहिल्या २५ सामन्यांत ३ विजय आणि २२ पराभव अशी झाली. कामावरून आलो की मी टीव्ही लावत असे, आणि अप्पा चहाचा कप घेऊन शेजारच्या खुर्चीत येऊन बसत. महाराष्ट्रात शाळाशाळांतून सॉफ्टबॉल खेळला जातो. आंतरशालेय स्पर्धांच्या निमित्ताने अप्पांनी तो पाहिलेला होता, त्यामुळे चार बेस, तीन आउट आणि फेरा पूर्ण करून आले की एक धाव, हे त्यांना सांगावे लागले नाही. चार दिवस त्यांनी नुसते पाहिले. पाचव्या दिवशी विचारले, “याचा स्कोअर कसा लिहितात?”

मला येत होते तेवढे मी दाखवले. नऊ खेळाडूंच्या नऊ ओळी, नऊ इनिंगचे नऊ उभे रकाने, आणि प्रत्येक चौकटीत एक छोटा हिरा. खेळाडू जितके बेस पुढे गेला तितक्या बाजू गिरवायच्या आणि तो होम प्लेटवर, म्हणजे जिथून निघाला तिथे, परतला तर हिरा पूर्ण काळा करायचा. क्षेत्ररक्षकांना नावांऐवजी क्रमांक असतात: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर २, पहिला बेस ३, असे करत उजव्या बाजूच्या आउटफिल्डरपर्यंत ९. शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाने) चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून तो पहिल्या बेसवर गेला आणि दोघे बाद झाले, एवढी सगळी हालचाल ६-४-३ या तीन आकड्यांत मावते. अप्पांनी त्याच रात्री पट्टी आणि पेन्सिल घेऊन सहा पाने आखून काढली. हिरे मात्र हाताने काढले, ८१ चौकटींत ८१, दोन्ही संघांचे मिळून १६२. मोसमातले सामनेही १६२ च असतात, हे मी सांगितल्यावर त्यांना फार समाधान वाटलेले दिसले.

त्यांना सगळ्यांत जास्त आवडली ती उलट्या “के”ची खूण. फलंदाज बॅट फिरवून चुकला आणि तीन स्ट्राइक झाले तर सरळ के लिहायचा. पण तिसरा चेंडू बॅट खांद्यावरच असताना निघून गेला आणि पंचाने तो स्ट्राइक ठरवला, तर के उलटा, आरशातल्यासारखा लिहायचा. अप्पांचे म्हणणे असे की क्रिकेटच्या वहीत त्रिफळा म्हणजे त्रिफळा. बॅट लावायला गेला होता की चेंडू सोडून बघत राहिला, हे वही सांगत नाही. इथे प्रयत्न करून हरला की न करता हरला याची वेगळी नोंद राहते. दुसरी गोष्ट बेसवर अडकून राहिलेल्या खेळाडूंची. इनिंगचे तीन आउट झाले तेव्हा किती जण कुठल्या बेसवर उभे होते, हे प्रत्येक रकान्याच्या तळाशी लिहायचे असते. “तिसऱ्यापर्यंत आला आणि घर गाठता आलं नाही,” असे पुटपुटत अप्पा तो आकडा लिहीत. होम प्लेटला ते पहिल्यापासून घरच म्हणत असत. आमच्या संघाचा तो आकडा नेहमी मोठा असे.

१० जुलैला एका दिवसात दोन सामने होते. पहिला आम्ही जिंकलो, दुसरा हरलो. तिथून ५ ऑगस्टपर्यंत आम्ही एकही सामना जिंकला नाही. सलग २१ पराभव. मधल्या काळात, ३० जुलैच्या अदलाबदलीच्या मुदतीआधी, संघातला चांगला पिचर आणि आणखी काही खेळाडू इतर संघांकडे रवाना झाले. माझ्या ओळखीच्या पुष्कळांनी सामने पाहणे सोडले, आणि त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाने संध्याकाळी आणखी दुःख विकत का घ्यावे? मीही एकदोनदा पाचव्या इनिंगला टीव्ही बंद करायला उठलो. अप्पांनी हाताने थांबवले. “स्कोअरर मध्येच उठत नाही,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. वर्गात एखादे सूत्र सांगावे तसे त्यांनी ते सांगितले. मग त्यांनी मला सांगलीच्या एका सामन्याची गोष्ट सांगितली. समोरच्या संघाचे सात गडी बाद झालेले, जिंकायला दोनशेच्या वर धावा हव्या, ऊन असे की मैदानावरचे एकूण एक माणूस मंडपात गेलेले. तरी शेवटच्या जोडीने तासभर काढला आणि त्यांतल्या शाळकरी पोराने चौदा धावा केल्या. “त्या चौदा त्याच्या होत्या. मी उठलो असतो तर त्या कुठं गेल्या असत्या?”

६ ऑगस्टला ओकलंडमध्ये आम्ही ५-१ ने जिंकलो. पश्चिम किनाऱ्यावरचा सामना, आमच्याकडे मध्यरात्र होत आलेली. अप्पांनी शेवटची चौकट भरली, पेन्सिल वहीत ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा घेऊन आले.

आधुनिक काळातला, म्हणजे १९०० नंतरचा, एका मोसमातल्या सर्वाधिक पराभवांचा विक्रम न्यूयॉर्क मेट्सचा होता: १९६२ मध्ये १२०. तो त्यांचा पहिलाच मोसम होता, आणि नव्या संघाला लोकांनी ते प्रेमाने पोटात घातले. आम्ही २२ सप्टेंबरला सॅन दिएगोत १२० वर पोचलो. मग घरी एंजल्सविरुद्ध तीन सामने होते. २४ तारखेला आम्ही दोघे मैदानावर गेलो. मधल्या महिन्यांच्या मानाने गर्दी बरीच होती, आणि तिच्यातले काही जण १२१ वा पराभव प्रत्यक्ष पाहायला आले होते, हे लपून राहत नव्हते. मालकांनी संघ विकावा, अशा घोषणा अधूनमधून उठत होत्या. आठव्या इनिंगपर्यंत आम्ही ०-२ ने मागे होतो. त्या इनिंगमध्ये तीन धावा करून आम्ही सामना जिंकला. पुढचे दोन्ही सामनेही जिंकले. त्या घोषणांमागचा राग मला समजतो, तो माझ्याही पोटात आहे. परंतु आपलाच माणूस पडताना बघायला तिकीट काढून येणे अप्पांना पटले नाही. परतताना रेड लाइनच्या गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “शेवटचे सामने कुठं आहेत?”

“डेट्रॉइटला. शुक्रवार, शनिवार, रविवार.”

“लांब आहे?”

“साडेचारशे किलोमीटर असेल.”

“म्हणजे सांगली ते मुंबईपेक्षा थोडं जास्त. जाऊ या.”

अप्पांचे परतीचे विमान ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातले होते. मी शुक्रवारची रजा टाकली, तिन्ही दिवसांची तिकिटे काढली, आणि २७ सप्टेंबरच्या सकाळी दशम्या, चटणी आणि ती वही घेऊन आम्ही निघालो. शिकागोतून बाहेर पडताना आय-९४ महामार्ग ३५ व्या रस्त्याजवळून, मैदानाच्या अगदी शेजारून जातो. अप्पांनी खिडकीतून मैदानाला हात जोडले. गावाबाहेरच्या देवळासमोरून एसटी जाते तेव्हा माणसे जोडतात तसे, न बोलता आणि क्षणभरच. पुढे गॅरीचे पोलादाचे कारखाने, मग डाव्या हाताला झाडांच्या आड राहणारे मिशिगन सरोवर. इंडियाना संपून मिशिगन राज्य लागले की घड्याळ एक तास पुढे करावे लागते. अप्पांच्या मनगटावरचे एचएमटी त्यांनी मुलाच्या घरीही कधी मोबाइलच्या स्वाधीन केले नव्हते. चावी ओढून त्यांनी काटा फिरवला. कॅलमझू मागे पडले, बॅटल क्रीक मागे पडले. एका विश्रांतिस्थळी बाकावर बसून आम्ही जेवलो. डेट्रॉइट जवळ आल्यावर रस्त्याकडेला इमारतीएवढे एक टायर उभे आहे; ते १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात पाळणा म्हणून फिरत होते, हे मी सांगेपर्यंत ते मागे गेलेही.

डेट्रॉइटच्या मैदानाच्या, कोमेरिका पार्कच्या, दारावर वाघांचे पुतळे आहेत, भिंतींवर वाघांची तोंडे आहेत, आणि त्या संध्याकाळी रस्त्यावरचा प्रत्येक माणूस गडद निळ्या रंगात होता. त्याचे कारण होते. डेट्रॉइट टायगर्स ऑगस्टच्या मध्यापर्यंत स्पर्धेतून जवळजवळ बाद धरले गेले होते, त्यांनीही जुलैअखेर आपला एक महत्त्वाचा पिचर देऊन टाकला होता, आणि तिथून ते असे काही खेळले की त्या रात्री जिंकले तर २०१४ नंतर प्रथमच ते बाद फेरीत जाणार होते. म्हणजे एकाच चेंडूवर त्यांचा दहा वर्षांचा दुष्काळ संपणार होता आणि आमचे नाव पराभवांच्या यादीत सर्वांत वर जाणार होते. काळ्या-पांढऱ्या टोपीतले आम्ही दोघे त्या निळ्या गर्दीतून आपल्या जागांपर्यंत गेलो. कोणी टोचून बोलले नाही. उलट आमच्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरेत एक प्रकारची ओळख होती. तिचा उलगडा थोड्या वेळाने झाला.

अप्पांच्या पलीकडच्या खुर्चीत सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्याही मांडीवर स्कोअरकार्ड होते आणि कानामागे पेन्सिल होती. अप्पांनी वही उघडली तशी त्यांनी वाकून पाहिले, आणि हाताने काढलेले हिरे पाहून विचारले, हे तुम्ही आखलेत? अप्पांनी शाळामास्तरी इंग्रजीत सांगितले की आमच्याकडे दोन संघांचे दोन स्कोअरर शेजारी बसतात आणि ओव्हर संपली की एकमेकांशी ताळा करून घेतात, तेव्हा आपली हरकत नसेल तर आपणही करू. गृहस्थांनी कानामागची पेन्सिल काढली आणि गंभीरपणे मान हलवली. पहिल्या इनिंगपासून दोघांचा ताळा सुरू झाला. मधेच एकदा एका पिचरच्या चेंडूंच्या संख्येत दोघांचा एकाने फरक आला. समोरच्या प्रचंड फलकावर तो आकडा होता, पण दोघांनीही तिकडे न पाहता, आपापल्या ठिपक्यांवर बोट ठेवत मागून पुढे मोजले. फाउल गेलेला एक चेंडू अप्पांचा राहिला होता. त्यांनी खोडले नाही. समासात दुरुस्ती लिहून खाली आद्याक्षरे घातली.

पाचव्या की सहाव्या इनिंगनंतर त्या गृहस्थांनी आपण होऊन २००३ ची गोष्ट काढली. त्या वर्षी टायगर्स ११९ सामने हरले होते. आमच्यापर्यंत अमेरिकन लीगमधला (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांपैकी आमच्या लीगमधला) तोच विक्रम होता. माइक मॅरॉथ नावाच्या त्यांच्या पिचरच्या नावावर एका मोसमात २१ पराभव लागले. २३ वर्षांत कुठल्याही पिचरच्या वाट्याला २० पराभव आले नव्हते. तरी तो मुलगा प्रत्येक वेळी आपली पाळी आली की चेंडू हातात घेऊन मैदानात उतरला, असे सांगताना त्यांचा आवाज जरा हलला. शेवटच्या सहा सामन्यांतले पाच त्यांनी जिंकले. त्यांतल्या एकात ते ०-८ असे मागे होते आणि तो ९-८ ने त्यांनी घेतला. “मी होतो त्या दिवशी,” ते म्हणाले, “इथेच. कार्ड अजून घरी आहे.” तीनच वर्षांनी, २००६ मध्ये, तोच संघ वर्ल्ड सिरीजमध्ये खेळला. हे शेवटचे वाक्य त्यांनी माझ्याकडे पाहून उच्चारले. सांत्वन म्हणून कोणी सांगितलेली गोष्ट मला सहसा लागू पडत नाही, पण त्यांनी सांगितलेली पडली, कारण त्यांच्याकडे कार्ड होते.

आम्ही १-४ ने हरलो.

शेवटचा आउट झाला आणि सबंध मैदान उभे राहिले. आतषबाजी सुरू झाली. मी वसतिगृहाच्या खिडकीत बसून ऐकत असे तसाच आवाज, फक्त दुसऱ्यांचा. टायगर्सचे खेळाडू एकमेकांवर उड्या घेत होते, माणसे रडत होती, आणि आमचे खेळाडू एकेक करून पायऱ्या उतरून आत जात होते. अप्पा बसलेलेच होते. त्यांनी शेवटचा रकाना पुरा केला, बेसवर राहिलेल्यांची बेरीज घातली, धावा, हिट, चुका असे तीन आकडे लिहिले आणि पानाच्या डोक्यावर पराभव क्रमांक १२१ घातला. मग वही शेजारी सरकवली. त्या गृहस्थांच्या संघाने दहा वर्षांनी काहीतरी मिळवले होते, चहूबाजूंनी लोक त्यांना मिठ्या मारत होते. तरी ते खाली बसले, दोन्ही पानांवरचे आकडे पडताळून पाहिले आणि अप्पांच्या सहीशेजारी सही केली. अप्पांनी त्यांच्या कार्डावर सही केली, देवनागरीत. हात मिळवताना अप्पा म्हणाले, “कॉंग्रॅच्युलेशन्स. युवर टीम फिनिश्ड द वर्क.” मला इतका वेळ आवरलेले रडू तेव्हा आले.

शनिवारी आम्ही ४-० ने जिंकलो. रविवारी ९-५ ने. त्या दोन दिवसांचा कोणाला काही उपयोग नव्हता. विक्रम होऊन गेला होता, टायगर्सचे स्थान पक्के झाले होते, वर्तमानपत्रांना जे लिहायचे ते लिहून झाले होते. पण मैदानावर कोणी ढिलाईने पळाले नाही, आणि अप्पांच्या वहीत काळे हिरे कधी नव्हे इतके दाट उमटले. रविवारी अंतिम आकडा लागला: ४१ विजय, १२१ पराभव. त्या दिवशी शेजारची खुर्ची एका लहान मुलीची होती, तिला स्कोअरशी कर्तव्य नव्हते. अप्पांनी वही माझ्यापुढे धरली. “दुसरी सही तुझी. ताळा करून घे आणि मग कर.” मी पहिल्या इनिंगपासून बोट ठेवत गेलो. चूक सापडली नाही. सही केली.

जाताना वही त्यांनी नेली नाही. माझ्या टेबलाच्या खणात पट्टी आणि दोन पेन्सिलींसह ती ठेवून गेले. पुढची वीसएक पाने आखलेली होती, हे मला नंतर कळले.

२७ मार्च २०२५ ला नव्या मोसमाचा पहिला सामना ३५ व्या रस्त्यावरच, एंजल्सविरुद्ध होता. आम्ही ८-१ ने जिंकलो. सांगलीत सकाळ उजाडताच अप्पांचा फोन आला. निकाल त्यांना ठाऊक होता, नातवाने दाखवला होता. त्यांनी विचारले, “वही कोण लिहितंय?”

“मीच.”

“उलटे के किती?”

मी वही उघडली, चष्मा लावला आणि त्यांना पहिल्या इनिंगपासून वाचून दाखवायला सुरुवात केली.